चेरीची फांदी आणि चौकडीचा मफलर

"मी म्हणजे गुन्हेगारांना पडलेलं वाईट स्वप्न," माझा भाऊ एगोन रोज आरशात बघून म्हणतो. "नाक शिकारी कुत्र्याचं, नजर घारीची आणि डोकं माझं स्वतःचं." यातलं शेवटचं तेवढं खरं आहे आणि सगळी अडचण तिथेच आहे. पन्नाशी उलटलेला हा ब्रह्मचारी घड्याळं दुरुस्त करून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात गुप्तहेर असतो. मी बहीण, म्हणून सहायक. पगार नाही, रजा नाही.

नाताळाआधीच्या त्या शेवटच्या रविवारीही मठाच्या जुन्या औषधी बागेत नाताळची दर रविवारची जत्रा भरली होती. भर जत्रेत कळलं, की म्हाताऱ्या चेरीची एक फांदी कुणीतरी कापून नेली आहे. बागेचे अध्यक्ष डॉक्टर हाफनर खवळले.

"कुंपणाला कुलूप आणि किल्ली फक्त तुमच्याकडे, गेरलिंडेबाई. अंधार पडायच्या आत चोर सापडला नाही, तर किल्ली परत करा."

गेरलिंडेने त्या बागेत उभा जन्म काढलाय. किल्ली गेली म्हणजे तिचं सगळंच गेलं. ती लालेलाल होऊन खाली बघत राहिली.

"घाबरू नका," एगोन छाती काढून म्हणाला. "मी आहे."

"तुम्ही आहात, तेच तर," ती पुटपुटली आणि गरम वाइन विकायला निघून गेली.

एगोनने झाड हुंगलं. "विषप्रयोग! चेरीच्या बियांत विष असतं."

"अरे, डिसेंबर आहे. बिया कुठून येणार?"

"म्हणजे चोर घाईत होता. बिया यायची वाट बघायला त्याला वेळ नव्हता."

मग त्याचा संशय शेजारच्या गावावर गेला. चेरीच्या देठांचा काढा पिऊन आमचा खोकला बरा होतो, हे म्हणे त्यांना बघवत नाही. बोलता बोलता तो स्वतःच खोकला. त्याचा चौकडीचा मफलर जत्रेच्या पहिल्याच रविवारी हरवला होता. तोही तपास चालूच होता.

पुरावा म्हणून प्रत्येक टपरीवरची वाइन चाखून झाल्यावर तो एकदम थबकला. भिंतीजवळ गोणपाट पांघरून कुणीतरी उभं होतं.

"बऱ्या बोलानं नाव सांग!"

उत्तर नाही.

"सराईत दिसतोय," तो माझ्या कानात म्हणाला.

"अंजिराचं झाड आहे ते! थंडी लागू नये म्हणून बांधून ठेवलंय."

"टोपणनाव अंजीर," एगोन म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

उजेड सरला. पाला वाळवायच्या खोलीत, वाइनच्या पातेल्याशेजारी, डॉक्टरांनी हात पुढे केला. गेरलिंडेने कमरेची किल्ली सोडली. तेवढ्यात पाय शेकायला शेगडीमागे सरकलेली आमची वाल्बुर्गामावशी ओरडली, "अगंबाई! गेरलिंडे, फुलली की गं तुझी फांदी!"

शेगडीमागे सुरईत चेरीची फांदी होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली. सुरईला थंडी बाधू नये म्हणून चौकडीचा मफलर गुंडाळला होता.

डिसेंबरच्या चार तारखेला, संत बार्बराच्या दिवशी, लग्नाच्या मुली चेरीची फांदी घरात पाण्यात ठेवतात. नाताळपर्यंत फुलली, तर वर्षभरात लग्न. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण साठीला टेकलेल्या बाईचा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

"मीच कापली," गेरलिंडे म्हणाली. "मागितली असती, तर या वयात कशाला हवी, म्हणून तुम्ही सगळे हसला असता."

"आणि हा माझा मफलर!" एगोन गरजला. "दोन चोऱ्या! पण इतक्या लोकांचे मफलर सोडून माझाच का?"

एव्हाना अंजिरालासुद्धा कळलं असतं.

"मेल्या," मावशी म्हणाली, "एवढा मोठा गुप्तहेर ना तू? मग पकड की तिला. चांगली हाताला धरून पकड."

एगोनने फुलं बघितली, मफलर बघितला, मग गेरलिंडेकडे बघितलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. त्याने पुढे होऊन तिचा हात घट्ट धरला.

डॉक्टर खाकरले. "ठीक आहे, ठीक आहे. किल्ली त्यांच्याकडेच राहू दे. सोडा आता त्यांना."

"अजिबात नाही," एगोन म्हणाला. "एकदा सुटली, तर मला परत सापडायची नाही."