मिसाळ अण्णांचं मेण

थंडी पडली की आमचे मिसाळ अण्णा काखेत डबी घेऊन हिंडतात. गाडीला लावायच्या मेणाची गोल डबी. सकाळी सातला स्वेटरच्या आत डाव्या काखेत ती दाबून धरायची आणि अंगणात येरझाऱ्या घालायच्या. तो हात अंगाला चिकटलेला असतो, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं यांना झटका येऊन गेलाय. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी माझ्याकडे हळूच चौकशीही केली होती, "काकांचा हात कधीपासून असा आहे हो?"

"थंडीनं मेण आखडतंय, सर," अण्णा मला समजावतात. "तसंच घासलं तर गुठळ्या होत्यात. आदी त्याला अंगाची ऊब द्यायची. गडबड न्हाई करायची."

मी बीडमध्ये एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. अण्णा समोरच्या घरात राहतात. ते सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. तीस वर्षं साहेबांच्या जीपा पुसल्या, निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक जुनी, गडद तांबडी मोटार घेतली आणि तिलाच साहेब मानून पुन्हा पुसायला लागले.

मेण गरम झालं तरी गाडी गरम कुठं असते? मग ते बॉनेटवर तळहात ठेवून बघतात. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "अजून गार हाय." पाच मिनिटांनी परत. "अजून गारच हाय की!" दव सुकल्याशिवाय मेण लावायचं नाही, ओल आत कोंडते. ऊन आलं तरी शेवग्यावर कावळा बसलेला असतो, त्याची वेगळी धास्ती. रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन विचारणार, "उद्या किती गार पडंल, सर? मोबाईलमदी बघा की जरा." मी आकडा सांगितला की त्यांचा चेहरा पडायचा, जणू तो मीच ठरवलाय.

एकदा मदत म्हणून मी खाली पडलेलं फडकं उचलून आरसा पुसायला घेतलं. अण्णा असे ओरडले की घरातून त्यांच्या पत्नी कमलकाकू धावत बाहेर आल्या. "सर! खडा असतोय त्यात, खडा!" पुढचे तीन दिवस ते मला आरशावरचा ओरखडा दाखवत होते. मला तो कधीच दिसला नाही. मी मान डोलावली.

एवढी जपलेली गाडी जायची मात्र कुठंच नाही. अण्णा बाजारात पायीच निघायचे. "गाडी कावून न्हाई नेली?" असं मीही त्यांच्याच बोलीत विचारायचो. "धूळ बसती ना, सर."

मेण वाळून पांढरं झालं की ते कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं आणि शेवटी काकूंना हाक मारायची. काकू शाल गुंडाळून पायरीवर येत.

"बघ बरं, कुठं ऱ्हायलंय."

काकू दोन पावलं पुढं आल्या की हे ओरडत, "तितूनच! तितूनच बघ!"

"मागच्या दाराच्या खाली ऱ्हायलंय की हो. पांढरं हाय."

यावर अण्णांना बक्षीस लागल्यासारखा आनंद व्हायचा. तेवढा डाग पुसून ते शीळ घालत फडकी धुवायला जायचे. माझी बायको चिडायची, "स्वतःच्या हौसेपायी त्या माउलीला रोज थंडीत उभं करतात." मलाही ते पटायचं. एकदा त्यांना स्पष्ट सांगायचंही मी ठरवलं होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी इतका गारठा होता की माझी स्कूटर सुरूच होईना. मी किक मारत होतो, समोर अण्णा बोटांवर फुंकर घालत होते. बोटं वळत नव्हती. कशीबशी गाडी पुसून त्यांनी हाक मारली, "बघ बरं."

"मागच्या दाराखाली हाय की," काकू म्हणाल्या.

मागचं दार लख्ख होतं. पांढरा डाग होता बॉनेटवर, ताटाएवढा. मला रस्त्यापलीकडून दिसत होता.

अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला. "परत बघ. बॉनेट बघ."

"बॉनेट तर चकचकीत हाय."

अण्णा हातातल्या फडक्यासकट मातीत बसले. मी धावत गेलो तर त्यांनी किल्ली माझ्या हातात कोंबली. "सर, तुमी चालवा. माजी बोटं वळंनात. डोळ्याच्या डॉक्टरकडं घ्या."

काकूंना मागं बसवून आम्ही निघालो. ज्या गाडीच्या आरशाला हात लावायची मला परवानगी नव्हती, ती मी चालवत होतो. घाम फुटला होता मला. एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. अण्णा म्हणाले, "चला, चला. थांबू नका."

मग त्यांनीच सांगितलं. काकूंना दोन वर्षांपासून काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. "डॉक्टर बघनार सहा म्हैन्यांनी. मदल्या दिसांत कळावं कसं? म्हनून रोज एक डाग मुद्दाम ठिवायचो. हिला दिसला की माजा दिवस बरा जायचा. आज मागनं सुरवात केली, फुडं येस्तवर बोटंच चालंनात, म्हनून बॉनेटवरच डाग ठिवला."

मागून काकू म्हणाल्या, "तुमी रोज तितंच ठिवायचे. दिवाळीपस्नं मला दिसत न्हवतं."

"मंग सांगायचीस कशी?"

"सांगाया उशीर लागला की तुमचं त्वांड उतरायचं, ते बघवंना."

मी गिअर बदलायचं कारण शोधत राहिलो.

डॉक्टरांनी तपासलं आणि दोघांनाही झापलं. डोळ्यातला दाब वाढला होता. उजवा डोळा जवळपास गेलाच होता, डावा मात्र वाचण्यासारखा होता. आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. अण्णा त्या दिवशी बाकावर बसून मला एकच विचारत होते, "सर, तुमचं गनित काय म्हनतंय?" मी म्हटलं, होईल सगळं ठीक. माझ्या गणिताला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण डाव्याची नजर टिकली.

महिनाभरानं काकूंनी माहेरी, चकलांब्याला, जायचं काढलं. अण्णांना स्वतःच्या हातांची खात्री वाटेना, म्हणून वेळ पडली तर चालवायला मला मागं बसवलं. काकू पुढं, अण्णांच्या डाव्या हाताला. बैलगाडीच्या चालीनं आम्ही निघालो. रस्ता धुरळ्याचा होता. अण्णा एकसारखं डावीकडचं सांगत होते.

"ही बघ ज्वारी, लई टपोरं कणीस हाय. ही हिर, पानी हाय तीत. तित दोन बाया हरभरा उपटायल्यात, एकीचं लुगडं हिरवं हाय."

काकूंनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"अहो, ह्या अंगाचं मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगाचं सांगा."

अण्णांनी गाडी आणखी हळू केली, खिडकीची काच पूर्ण खाली घेतली आणि उजवीकडचं सांगायला लागले.