अंबादासचं हेल्मेट आणि भाऊरावांचा होकार

"तुम्ही सकाळी स्कूटरवर बसले की रिछाईला पोचेपर्यंत तुमचा पत्ता नसतो," कुंदाताई म्हणाल्या. "नेमका तेव्हाच भाऊरावांचा फोन आला तर?"

"तर तुला करतील," अंबादास म्हणाले.

"मला काहून करतील? जुन्या वळणाचे लोक आहेत. मुलीच्या बापालाच करतील. आणि बापानं उचलला नाही, की म्हणतील यांना गरज नाही."

अंबादास डेकाटे रिछाईच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, आणि गाडी चालवताना माणसाने फोन उचलू नये असं त्यांचं साधं मत होतं. पण घरात मुलीचं लग्न निघालं की बापाच्या मताला कोण विचारतो? मैत्रेयीला सौमित्र पसंत होता. सौमित्रला मैत्रेयी पसंत होती. पाहण्याचा कार्यक्रम झकास झाला होता. सौमित्रचे वडील भाऊराव, बरगीच्या धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले, चिवडा दोनदा मागून खाऊन उठले आणि दारात चपला घालताना म्हणाले, "विचार करून कळवतो." तेव्हापासून ते विचारच करत होते. नवरा-नवरी तयार असताना हा तिसरा माणूस विचार कसला करतो, या प्रश्नाने अंबादासचं डोकं रोज तापायचं.

त्यात कुंदाताईंनी पाहुण्यांसमोर एक थाप मारून ठेवली होती. "आमचे हे फार शांत. तोंडातून कधी वावगा शब्द जात नाही." घरापुरतं ते खरंही होतं, कारण घरात त्यांना बोलायला कोणी सवडच देत नसे. ती सगळी कसर ते रस्त्यावर भरून काढायचे, आणि तीही मराठीतून. जबलपुरात चारचौघांत मनसोक्त बोलायचं असेल तर मराठीसारखी सुरक्षित भाषा नाही. भाजीवाल्याच्या तोंडावर त्याच्या वांग्यांची निंदा करावी, दुकानदारासमोर त्याला लबाड म्हणावं, समोरचा आपला हसून "और क्या दूँ भाईसाहब?" विचारतो. त्यामुळे हिंदीत सदैव "जी भैया" म्हणणारे अंबादास मराठीत अगदी मोकाट सुटायचे.

असो. फोन उचलणं ठरलं. आता कशाने उचलायचा, हा प्रश्न आला.

आधी त्यांनी गावरीतीप्रमाणे फोनच हेल्मेटात, गालाशी खुपसला. गालाने दोनदा फोन कापला आणि एकदा कारखान्याच्या मालकांना लावला. मग कुंदाताईंनी वायरवाले इयरफोन दिले. त्याची वायर हेल्मेटच्या पट्ट्यात अडकली आणि कारखान्याच्या फाटकाशी हेल्मेट काढताना कानही सोबत निघतो की काय असं वाटलं. त्यानंतर मैत्रेयीने स्वतःचे बिनवायरीचे बड्स दिले. "पप्पा, हे बेस्ट आहे. संभालके हां." हेल्मेट डोक्यात सरकवताना ते कानातून निघायचे, आणि काढताना तर उडायचेच. त्यातला एक दमोह नाक्यावर मटारच्या ढिगात उडाला. पनागरचा ताजा मटार! अंबादास शेंगा उपसायला लागले, तसा भाजीवाला म्हणाला, "बाबूजी, छाँटके नहीं मिलेगा." बड सापडला नाही, मटार मात्र विकत घ्यावा लागला. घरी मैत्रेयीने जेवणात मटार घ्यायला नकार दिला.

शेवटी ते तणतणत विक्कीच्या दुकानात गेले. विक्की गाड्यांचं सामान विकायचा. घरचा मराठीच, पण त्याची मराठी दर तिसऱ्या शब्दाला हिंदीत उतरायची.

"काका, आधीच माझ्याकडे यायचं ना," विक्की म्हणाला. "हे पहा. हेल्मेटच्या आत दोन्ही कानांपाशी स्पीकर चिपकवायचे, तोंडापुढे माईक. हाथ लगाने का काम ही नहीं. घंटी वाजली की आपोआप फोन उचलतो."

"आपोआप? मला न विचारता?"

"तुम्ही हँडल सोडून त्याला परवानगी देणार का?"

हा उलटा प्रश्न अंबादासना झोंबला. गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत? पण भाऊरावांसाठी त्यांनी तेही गिळलं आणि यंत्र बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताच लक्षात आलं की स्पीकर कानांवर दाबतात. रानीतालपर्यंत त्यांनी सहन केलं. तिथे गाडी कडेला घेऊन दोन्ही स्पीकर उचकटले आणि वर, पार कपाळाच्या बाजूला, चिकटवून टाकले. कान मोकळे झाले. माईकला त्यांनी हात लावला नाही, कारण तो बिचारा कुठे टोचत नव्हता.

दमोह नाक्याच्या पुढे हेल्मेटात 'टूं' असा आवाज झाला. "एका दिवसात बॅटरी गेली! लुटलं विक्कीनं!" असं म्हणून अंबादासनी गाडी पुढे दामटली. मग वरच्या बाजूने डास गुणगुणल्यासारखं काहीतरी यायला लागलं. विकत घेतलेल्या वस्तूत डासही फुकट मिळाला, याचाही त्यांना राग आला. तेवढ्यात एक ई-रिक्षा भर रस्त्यात थांबली.

"थांब, थांब! इथंच थांब!" अंबादास गरजले. "रस्ता सासऱ्यानं हुंड्यात दिला का बे तुला? मागं माणसं आहेत का म्हशी, पाहून तरी घे!"

रिक्षावाल्याने वळून हसून हात केला. मराठीचा हाच तर फायदा.

अधारतालला गर्दीत गाडी पूर्ण अडकली. पुढे ट्रक, मागे टेम्पो, आणि डोक्यात भाऊराव.

"आणि तो भाऊराव!" अंबादास ट्रकच्या पाठीला सांगू लागले. "विचार करून राहिला म्हणे! चिवडा दुसऱ्यांदा मागताना केला होता का विचार? माझी पोरगी काय वांगं आहे, की दाबून दाबून पाहून राहिला? अरे, हो म्हण नाहीतर नाही म्हण! धरणावर नोकरीला होता म्हणे. पुराच्या वेळी हा दार उघडायचा विचार करत बसला असता, तर अख्खी बरगी वाहून गेली असती! बायको कशी नांदली असेल याच्या घरी? तिला तर परमवीर चक्र द्यायला पाहिजे!"

ट्रक हलला. अंबादासना फार हलकं वाटलं. कारखान्यात पोचून त्यांनी गाडी लावली, हेल्मेट काढलं, आणि हातातल्या उपड्या हेल्मेटातून बाईचा आवाज आला.

"थांबलात काहून? बोला ना."

अंबादासनी खिशातला फोन काढला. पडद्यावर भाऊरावांचं नाव होतं आणि फोन चालू होता. मैत्रेयीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पोरीचं ठरत आलेलं लग्न आपण दमोह नाका ते रिछाई एवढ्या रस्त्यात मोडलं, हे त्यांना कळून चुकलं. त्यांनी हेल्मेट तोंडाशी धरलं.

"ह... हॅलो? वहिनी? ते मी... एका दुसऱ्या भाऊरावांबद्दल..."

"बरगीचेच ना?" भाऊरावांच्या बायको, सत्यवतीबाई म्हणाल्या. "स्पीकरवर आहे फोन. इथं सगळे ऐकून राहिले. आणि ते चक्र मला खरंच द्या जी. लग्नापासून मी हेच सांगून राहिली यांना."

मागून भाऊरावांचा आवाज फुटला. "अंबादासजी! मी निर्णय घेत नाही म्हणता? मी? पुरात दारं कोणी उघडली होती, जाऊन विचारा बरगीत! आज मी फक्त अजून थोडा वेळ मागायला फोन केला होता. आता नाही मागत! होकार आहे! दिला! आत्ता! झालं समाधान? ठेवा फोन!"

फोन कापला गेला. सीटवर ठेवलेल्या हेल्मेटाला हात जोडून उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे फाटकावरचा चौकीदार बघत राहिला.

संध्याकाळी घरात खोव्याची जिलबी आली. मैत्रेयीने बापाच्या गळ्यात हात टाकले, कुंदाताईंनी डोळे पुसले. रागात होते ते एकटे अंबादास. "होकार असा देतात का? अंगावर ओरडून? मुलीच्या बापाला काही मान आहे की नाही? मी काय चूक बोललो होतो?"

"तुम्ही आता चूप बसा. फार शांत आहात तुम्ही," कुंदाताई म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. सत्यवतीबाई होत्या. दोघी आधी खूप हसल्या. मग कुंदाताई ऐकत राहिल्या आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"काय झालं?" अंबादासनी विचारलं.

"लग्नाची तारीख," कुंदाताई फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "भाऊराव विचार करून कळवतो म्हणून राहिले."

"पुन्हा?" अंबादास ताडकन उठले. "त्या माणसाला..."

"आत्ता नका बोलू! वाया जाईल," कुंदाताई घाईने म्हणाल्या. "त्या विचारून राहिल्या, उद्या व्याही कामावर किती वाजता निघतात?" आणि हात काढून त्यांनी फोनमध्ये सांगितलं, "नेहमीच्याच वेळेला हो वहिनी. पण तुम्ही थोडं थांबून लावा. अधारतालला अडकले की चांगले तापतात."