कुलुपातली दुसरी ओळ

उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवून झालं होतं, नवरी त्यापुढे उभी होती आणि नवऱ्याची बहीण गार्गी दोन्ही हातांनी चौकट धरून आडवी झाली होती. मेहकरातल्या त्या लग्नाचा आता एक उखाणा तेवढा बाकी होता. वरमाय चारुलता भिंतीला टेकून उभी होती. उखाणा झाला की आत जायचं आणि पलंगावर पाय लांब करायचे, आयुष्याकडे याहून जास्त मागणं तिचं उरलं नव्हतं.

"नाव घ्या वहिनी, मंगच दार सोडते," गार्गी म्हणाली. "अन् दार धरल्याचे पैसे अलग!"

नवरी हिमानीनं शालूच्या घडीतून फोन काढला आणि वाचलं, "जानेफळच्या मळ्यामध्ये पिकली सोनकेळी..."

आणि थांबली.

"पुढं?"

"पुढं कुलूप आहे."

नवरदेव धवलनं मुंडावळ्या बाजूला करून घाम पुसला. कुलूप त्याचंच होतं. नोकरी सोडून त्यानं उखाण्यांचं ॲप केलं होतं. पहिली ओळ फुकट, दुसरीला तेरा रुपये. उखाणे सगळे चारुलतानं पोळ्या लाटता लाटता रचून दिले होते. लोक पहिली ओळ वाचत, 'छान' म्हणत आणि निघून जात. विकत घेणारा अजून जन्माला यायचा होता. धवलचे वडील नीळकंठराव, पंचायत समितीतले निवृत्त कारकून. त्यांनी शेवटचं बजावलं होतं, "सून उंबरठा ओलांडेपर्यंत एक गिऱ्हाईक दाखव. नाईतं मामाच्या कृषी केंद्रात बस, बियाण्याच्या पिशव्या वाहात."

आणि सून उंबरठ्यावर होती.

"खोल ना मंग कुलूप!" गार्गी म्हणाली.

"माह्या फोनवर पैसे भरायची सोय नाही," हिमानी शांतपणे म्हणाली. "यांचा फोन मागच्या गाडीत राह्यला."

मागची गाडी बँडवाल्यांना घेऊन हिवरा आश्रम गावाकडे गेली होती.

"एका ओळीचे तेरा रुपये?" शेजारच्या शालूबाई म्हणाल्या. त्यांच्या कडेवर नातू होता आणि तो कधीचा झोपला होता. "आमच्या टायमाले लोकं बोलावून बोलावून शिकवत जाय."

"मावशी, म्या दहाच ठेवले असते," धवल कळवळून म्हणाला. "वरचे त्या फोनातल्या दुकानाचे. ॲप त्याच्या दुकानात ठेवलं ना, तं पंधरा टक्के त्याले द्या लागते."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे वाढवताना हिशोब चुकला."

"तं थेट तुह्या खात्यात टाकते न मी," गार्गी म्हणाली. "दुकान गेलं उडत."

"तशीबी सोय ठेवता येते, अजून ठेवली नाही. पण ठेवली तरी त्या दुकानाले अकरा टक्के."

आता नीळकंठरावांमधला कारकून जागा झाला. "म्हणजे? समोरच्या दारानं गेलं तं पंधरा, मांगच्या दारानं गेलं तं अकरा?"

"हाव बाबा. निवड आपली आहे."

"हे निवड होय बे?"

उन्हं ओसरीवर आली. माप उचलून पुन्हा सावलीत ठेवण्यात आलं. कोणी म्हणालं, दुसरा उखाणा घ्या. हिमानीनं मान हलवली. "सुरू केलेला अर्धा सोडू नाही म्हणतात." असं कोण म्हणतं ते कोणाला माहीत नव्हतं, पण नव्या सुनेला पहिल्याच दिवशी कोण टोकणार?

"आई, उखाणा तर तूच रचला ना?" धवल म्हणाला. "सांग न दुसरी ओळ."

चारुलतानं डोळे मिटले. सोनकेळी आठवली, पोळी करपली तेही आठवलं. दुसऱ्या ओळीच्या जागी नुसता धूर होता. "नाई आठवत रे राजा."

"मंग विकत घे तू."

"माहीच ओळ मले विकत?"

शेवटी तिनं हिमानीच्या कोपराला धरलं आणि हळूच म्हणाली, "चाल बाई, मांगच्या दारानं जाऊ. मोरी ओली आहे, पण कोणी अडवणार नाई. तुले चहा टाकते."

हिमानी तिच्या कानाशी वाकली. "आई, जराशा थांबा. दुसरी ओळ मले माहीत आहे."

"मंग म्हण न बाई!"

"म्हटली तर आत यावं लागीन. अन् आत आली तर हे उद्या बियाण्याच्या दुकानात." ती आणखी हळू बोलली. "बाबांच्या फोनात ॲप आहे. यांनीच त्यात भरून दिलं होतं."

चारुलतानं सुनेकडे नीट पाहिलं. मग आत दिसणाऱ्या पलंगाकडे पाहिलं. मग एक मोठा उसासा सोडून ती भिंतीवरून हळूहळू खाली घसरली. अर्धं नाटक होतं, अर्धं खरंच.

"अहो," ती क्षीण आवाजात म्हणाली, "मले गरगरून राह्यलं. अजून किती येळ उभं ठेवता?"

नीळकंठराव घाबरले. "अरे, कोणाजवळ तेरा रुपये नाईत काय!" म्हणत त्यांनी स्वतःच फोन काढला, चष्मा शोधला, बोट दाबलं, चुकलं, पुन्हा दाबलं. सगळी गल्ली त्यांच्या खांद्यावर ओणवली. कुलूप उघडलं. त्यांनी खड्या आवाजात वाचलं,

"धवलरावांचं नाव घेते... गृहप्रवेशाच्या वेळी."

त्यांनी पडदा सरकवून आणखी खाली पाहिलं.

"एवढंच?" नीळकंठराव म्हणाले. "हे तं शालूबाईच्या नातवानंबी सांगितलं असतं!"

पण हिमानीनं तोवर ओळ म्हणून टाकली होती. गार्गीचा हात सैल पडताच तिनं माप लवंडलं आणि ती आत गेलीसुद्धा.

"बाबा," धवल हळूच म्हणाला, "गिऱ्हाईक सापडलं."

"कोण?"

नीळकंठरावांच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर अक्षरं आली : खरेदीबद्दल आभार. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

चारुलता पलंगावर पोचली. पाय लांब केले. हिमानी चहा ठेवत होती. ओसरीवरून नवऱ्याचा आवाज ऐकू आला, तोही चक्क पोराच्या बाजूनं भांडणारा.

"अन् माह्या तेरातले दोन त्या दुकानानं कापले? काऊन? उखाणा तुह्या मायनं रचला, ॲप तू केलं, पैसे म्या भरले. त्यानं काय केलं?"

"दार धरलं, बाबा."

"अन् माही दारधरणी?" गार्गी अजून चौकटीतच उभी होती.