कपाटाखालचे दान

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहिण्याचे काम माजी चिटणीस या नात्याने माझ्याकडे आले आहे. सुरुवातीलाच एक खुलासा करतो. पटावरचे खेळ खेळणाऱ्यांच्या या मंडळात पूर्वी खेळही होत असत. आजच्या सभासदांना हे खरे वाटणार नाही, पण मी स्वतः पाहिले आहे.

चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. सहा टेबले आणि पटांनी भरलेले एक लोखंडी कपाट. दर बुधवारी संध्याकाळी माणसे यायची, खेळायची आणि घरी जायची. मंडळाला घटना होती, पण ती कोणी वाचलेली नव्हती, त्यामुळे सगळे सुरळीत चालले होते.

कपाटाशेजारच्या टेबलावर घड्याळजी आणि बाई बसत. घड्याळजी घड्याळे दुरुस्त करीत. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. अकरा वर्षे दर बुधवारी घड्याळजी बाईंकडून हरत आले होते. आता त्यांची नजर अधू झाली होती, आणि दुकान बंद करून महिनाअखेरीस ते दुसऱ्या शहरात लेकीकडे राहायला जाणार होते. जाण्यापूर्वी एकदा तरी बाईंना हरवायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. सगळ्या मंडळाला ती ठाऊक होती.

त्या बुधवारी त्यांची शेवटची सोंगटी सुटायला नेमके सहा हवे होते. बाईंना मात्र पुढच्या खेपेला कोणतेही दान चालणार होते. घड्याळजींनी फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळला आणि कपाटाखाली गेला. आम्ही सगळे ओणवे झालो. सहा पडले होते.

पटाबाहेरचे दान धरत नाहीत, असे कोणीतरी म्हणाले. हे कुठे लिहिले आहे, असे दुसऱ्याने विचारले. आणि आमच्या मंडळात पहिल्यांदाच घटना उघडली गेली.

घटनेत याबद्दल चकार शब्द नव्हता. घड्याळजी म्हणाले, मी पुन्हा टाकतो. परंतु आमचे अध्यक्ष विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. पुराव्याला हात लावायचा नाही, असे त्यांनी बजावले. फाशाचा रीतसर पंचनामा झाला, चारही बाजूंनी फोटो निघाले आणि त्रिसदस्यीय समिती नेमली गेली.

पुढच्या बुधवारी समितीने, जमीन हा पटाचाच विस्तार मानावा काय, हे तपासायला उपसमिती नेमली. इतर टेबलांच्या हादऱ्याने फासा हलू नये म्हणून सर्व खेळ तात्पुरते स्थगित झाले. झाडू मारणाऱ्या मावशींना कपाटाच्या बाजूला फिरकायचे नाही अशी ताकीद मिळाली. उपस्थिती मात्र दुप्पट झाली. खेळात हरण्याची भीती असते. चर्चेत ती नसते.

तिसऱ्या बुधवारी बाई उभ्या राहिल्या.

"मी हरले, असं लिहून देते. शनिवारी त्यांना जायचंय."

"बाई, प्रकरण विचाराधीन असताना तुम्हाला हरता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

घड्याळजी खाली बघत होते. "मला त्यांचं असं हरणं नकोय," ते म्हणाले. "मला फक्त डाव संपवायचाय हो."

मला फार वाईट वाटले. परंतु वाईट वाटल्याची नोंद करायला इतिवृत्तात रकाना नव्हता, म्हणून मी 'चर्चा झाली' असे लिहिले.

शनिवारी घड्याळजी गेले. बाईंनी येणे सोडले. सात वर्षांनी दोनशे चौदा पानांचा अहवाल आला: दान ग्राह्य. त्याची प्रत आम्ही घड्याळजींना टपालाने पाठवली. लेकीचे उत्तर आले, की बाबांना आता दिसत नाही, मीच वाचून दाखवले. बाई कशा आहेत, एवढेच ते विचारत होते. सदर प्रश्न अहवालाच्या कक्षेबाहेरचा असल्याचे आम्ही त्यांना नम्रपणे कळवले.

वाचकहो, ते दान धरायला हवे होते की नको, हे तुम्हीही एव्हाना मनाशी ठरवून टाकले असेल. तुमची बाजू कोणतीही असो, मंडळाला तुमच्यासारख्यांची गरज आहे. सभासदत्वाचा अर्ज स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर जोडला आहे.