हवेची नाव आणि सासूबाईंची ओटी

रामसिंगला मी ‘नको’ म्हणालो आणि तिथूनच सगळं फिसकटलं. खरं तर ‘बरं, अष्टमीला येतो’ एवढंच म्हणायचं होतं. पण मी बावीस वर्षं पंचायत समितीत आवक-जावक सांभाळतोय. कुणी सोपा मार्ग सुचवला की आधी त्यात त्रुटी काढायची, ही सवय आता हाडात मुरली आहे.

प्रकरण नवसाचं होतं. आमच्या लग्नाआधी माझ्या सासूबाई, म्हणजे सोजराबाई, गावदेवीला बोलल्या होत्या की पोरीला चांगला नवरा मिळू दे, दोघं जोडीनं येऊन तुझी ओटी भरतील. देवीनं तिचं काम केलं. (चांगला मिळाला की नाही, यावर सासूबाई अजून मोघमच बोलतात.) माझं काम मात्र चौदा वर्षं राहून गेलं. कारण सासूबाईंचं जुनं गाव, चिंचखेडा, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव वर नव्या जागी आलं, देवीचं ठाणं तेवढं एका उंचवट्यावर होतं म्हणून पाण्याबाहेर राहिलं. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये एक कडुलिंब. काठावरून त्याच्यावरचा झेंडा दिसतो.

दर नवरात्रात मी ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचो. कधी ऑडिट असायचं, कधी निवडणूक. खरं कारण एकच, मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. हे बायकोला सांगायला मला चौदा वर्षं पुरली नाहीत.

यंदा मात्र पुढचं वर्ष उरलं नव्हतं. माझा मेहुणा हरीश पुण्यात असतो. सासूबाईंचे गुडघे गेले, एकटीनं राहणं जमेना, म्हणून दसऱ्यानंतर तो त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. माझ्या बायकोनं, मंजुषानं, हे मला भाकरी थापता थापता सांगितलं. “आई रोज म्हणून राहिली की तिला दुसरं काही नको. फक्त एकदा ठाण्यावर न्या.” तिचा हात थांबला नाही. हात न थांबवता मंजुषा काही बोलली की ती विनंती नसते, एवढं मला कळतं.

दुसऱ्याच दिवशी रामसिंगचा निरोप आला. रामसिंग मासेमारी करणारा. थर्माकोलचे मोठे तुकडे जाळ्यात बांधून केलेल्या तराफ्यावर तो रोज ठाण्यावरून जातो. अष्टमीला तिघांनाही नेतो म्हणाला, तेही फुकट. आणि मी नको म्हणालो. थर्माकोलवर बसून पाण्यात जायचं, त्याला ना कठडा, ना प्रमाणपत्र? शिवाय आम्ही राहतो त्या आखाडा बाळापुरातलं कुणी बघितलं असतं तर? मी म्हणालो, “आपण आपली व्यवस्था करू.”

ही व्यवस्था म्हणजे कयाक, बसून वल्हवायची छोटी नाव. मोबाइलवर बघितली होती. एक गोरा माणूस तळ्यात इतका निवांत वल्हवत होता की मला वाटलं, हे आपल्याला जमेल. मग मी अभ्यासाला लागलो. शांत पाण्यासाठी नाव लांब नको, रुंद हवी. वल्हं आपल्या उंचीप्रमाणे घ्यावं. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसावं, खांद्याला धरून उचललं तर कानापर्यंत येता कामा नये. टणक नाव आमच्या जिन्यातून चढत नाही, म्हणून हवा भरायची घ्यावी. श्रावण संपला, पोळा झाला, गणपती गेले, मी अजून तुलनाच करत होतो. कार्यालयात तर मी कयाकविषयी इतका बोलायला लागलो की लोक माझ्या टेबलावर फाइल ठेवून न थांबता निघून जायचे.

सासूबाईंचे तीन फोन आले. तिसऱ्या वेळी मी त्यांना समजावलं की मामी, पाणी अगदी शांत पाहिजे.

“पाणी शांतच हाय, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “तुमीच हालून राहिले.”

घटस्थापनेच्या दिवशी खोकं आलं. नाव, दोन वल्ही, पायानं मारायचा पंप, जॅकेटं, पाणी न शिरणारी पिशवी आणि गळ्यात अडकवायची शिट्टी. मी गच्चीवर नाव फुगवली आणि आत बसून वल्हवायचा सराव केला. शेजारच्या लक्ष्मीबाई कपडे वाळत घालता घालता बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पाण्याचा टँकर कधी येणार आहे.

मंजुषानं नावेतल्या जागा मोजल्या. दोन होत्या.

“आपुन तिघं हाव,” ती म्हणाली.

त्रेचाळीस व्हिडिओ बघून मी दोघांची नाव घेतली होती. पण मी डगमगलो नाही. आधी सासूबाईंना नेतो, मग परत येऊन तुला नेतो, असं तिला समजावलं. तिनं मान हलवली आणि खाली गेली. तेव्हाच रामसिंगला फोन लावायला हवा होता. अजूनही वेळ होता.

अष्टमीला सकाळी आम्ही तिघं काठावर पोचलो. नवं वाहन आणि पूजा न करता चालवायचं, हे आमच्याकडे कुणी सायकलच्या बाबतीतही करत नाही. मी नावेला हार घातला, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ बाजूच्या दगडावर फोडला, कारण प्लास्टिकवर टोकदार वस्तू आपटू नये हे मी वाचलं होतं. चाकाखाली लिंबू ठेवतात, नावेला चाक नाही, म्हणून लिंबू ठेवून नाव वरून ढकलली. राहिली अगरबत्ती. ती केळ्यात खोवली. सासूबाई म्हणाल्या, केळं खाली ठेवा. पण खाली ठेवलं तर फोटोत येईना. मी केळं नावेच्या नाकावर ठेवलं, चार बाजूंनी फोटो काढले, आणि एक फोटो तिथल्या तिथं कंपनीच्या पानावर ‘अतिशय समाधानी’ असं लिहून टाकलासुद्धा. वाऱ्यानं एक जळती काडी कधी गळून नावेच्या घडीत गेली, हे बघायला मला वेळ नव्हता.

सासूबाई लुगड्यावर जॅकेट घालून पुढं बसल्या. मांडीवर ओटीचं ताट, त्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मी मागं. निम्म्या वाटेत फुस्स असा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं मामींना राग आला असावा. मग उजवी बाजू माझ्या कुशीत यायला लागली.

मी शिट्टी वाजवली. (पुढं काय करायचं ते त्रेचाळीसपैकी एकाही व्हिडिओत नव्हतं.) सासूबाई मात्र पाण्याकडं बघत होत्या. आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं त्या याच जमिनीवर चालल्या होत्या.

“डावीकडं घ्या,” त्या म्हणाल्या. “उजवीकडं आमची हीर हाय, लई खोल.”

मी जिवाच्या आकांतानं डावीकडं घेतलं.

“आता उतरा.”

“मामी, मला पोहता येत नाही.” चौदा वर्षांनी ते तोंडातून बाहेर पडलं.

“उतरा तर. हा पुंजाजी पाटलाचा बांध हाय.”

मी डोळे मिटून पाय सोडले. पाणी गुडघ्याएवढं होतं. सासूबाई नावेच्या अजून फुगलेल्या अर्ध्या भागावर ताट धरून बसून राहिल्या. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. बोट दाखवून त्या मला सांगत होत्या की इथं गोठा होता, तिकडं पांदण, त्या लाटेखाली मंजुषाच्या आजीचं अंगण. मी हे सगळं ऐकायला हवं होतं. मी भोक शोधत होतो.

रामसिंग लांबून बघतच होता. त्यानं तराफा आणला, सासूबाईंना उचलून बसवलं, काठावरून मंजुषाला घेतलं आणि दोघींना ठाण्यावर सोडून माझ्यासाठी परत आला.

“चला साहेब, जोडीनं भरा. पण नाव राहू द्या, ती पसरली की तराफ्यावर मानसाला जागा उरायची न्हाई. आधी तुमी, मंग ती.”

नावेची परत करायची मुदत दहा दिवसांची होती. बांधावर सोडली असती तर वाऱ्यानं वाहून गेली असती. मी म्हणालो, “आधी नाव काठाला ने.” रामसिंगनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नाव घेऊन गेला. नावेचं नुसतं निमित्त आहे हे त्याला कळलं असावं. मला तर कळलंच होतं. त्या थर्माकोलवर पाय ठेवायची मला हिंमत झाली नाही.

बांधावर उभं राहून मला ठाणं स्वच्छ दिसत होतं. मंजुषा खाली बसली, सासूबाईंनी तिच्या शेजारी काहीतरी ठेवलं आणि हळदीकुंकू वाहिलं. मग सासूबाई कडुलिंबाला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी तिथं असायला हवं होतं. एवढं एकच काम होतं माझ्याकडं, चौदा वर्षांपासून.

दोघी परत आल्या, मी बांधाबांधानं पाण्यातून चालत काठाला पोचलो आणि विचारलं, माझ्याशिवाय जोडी कशी झाली?

“नवरा हजर नसला की सुपारी ठेवतेत,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. “तकलीफ न्हाई झाली. गप बसली बिचारी.”

कंपनीनं नाव परत घेतली नाही. जळाल्याची खूण आहे म्हणाले, आणि पुरावा म्हणून मीच टाकलेला केळ्याचा फोटो पाठवला. त्यांच्याकडच्या कारकुनानं त्रुटी बरोबर काढली होती. दसऱ्यानंतर हरीश येऊन सासूबाईंना घेऊन गेला. गाडीत बसताना त्यांनी ती सुपारी मंजुषाच्या हातात दिली आणि जपून ठेवायला सांगितली. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. बांधावर उभं राहून ‘मामी, चुकलं माझं’ एवढं म्हणायचं ठरवलं होतं, ते तेव्हाही म्हटलं नाही.

आता नाव गच्चीवर आहे, तिच्यात लक्ष्मीबाई उडीद वाळवतात. सुपारी देवघरात आहे, पितळेच्या वाटीत. दर रविवारी पुण्याहून फोन येतो, आणि सासूबाई न चुकता विचारतात की जावईबापू कसे हायत.

मी समोर पेपर वाचत बसलेला असतो. मंजुषा फोन कानाला लावून देवघरात जाते, वाटीत डोकावते आणि सांगते, “बरे हायत. जागेवरच हायत.”