वफ्रा ते अबू हलीफा, व्हाया अबोला

मी ठरवलं, या खेपेला आधी बोलायचं नाही. बास, एवढंच ठरवलं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर माणूस एवढंसुद्धा ठरवू शकत नसेल तर त्यानं दाढी ठेवावी कशाला? (हे वाक्य मी बानूला अजून ऐकवलेलं नाही. वेळ बघून ऐकवीन.)

माझं नाव महबूब. गाव दाभोळच्या खाडीकडे. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून चौथीपर्यंत. उभा जन्म कुवेतात एका अरबाची गाडी चालवली. मी रिटायर झालो तेव्हा त्या भल्या माणसानं आपली जुनी कॅरॅव्हॅन मला देऊन टाकली. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हर, मध्ये पडदा, मागे पलंग, शेगडी आणि एक खिडकी, जी उघडली तर बंद होत नाही आणि बंद केली तर उघडत नाही.

इथं थंडी पडली की निम्मं कुवेत तंबू घेऊन वाळवंटात जातं. आम्ही दोघं म्हातारे कॅरॅव्हॅन घेऊन दक्षिणेला वफ्र्याला जातो. तिथं शेतमळे आहेत. एका मळ्याचा राखणदार ओळखीचा, त्याच्या कुंपणाला टेकून आमचा संसार. मार्चात सरकार तंबू काढायला लावतं, तेव्हा आम्ही पण गाशा गुंडाळून अबू हलीफ्याला पोराच्या फ्लॅटवर परत.

पोरगा सर्फराज चांगला आहे. सून बुशरा त्याच्याहून चांगली. पण फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि आम्ही झोपतो हॉलमधल्या सोफ्यावर. पाहुणे उठले तर आम्ही आडवे होणार. आणि तिथं बानूला सुकट भाजता येत नाही, कारण वास लिफ्टमधून पाचव्या मजल्यावर जातो आणि पाचव्या मजल्यावरची बाई खाली येते. वफ्र्याला बानू राणी असते. सुकट भाजते, बोंबील वाळवते, मोठ्यानं गाणी म्हणते. तिथं वास घ्यायला फक्त मी, आणि माझं नाक कोण विचारतो?

पण गेल्या साली मी कॅरॅव्हॅन वाळूत रुतवली. ओढायला वाळवंटात राहणारं एक अख्खं बदू खानदान लागलं, सासू धरून. तेव्हाच सर्फराजनं बोट वर करून सांगितलं, "अब्बा, आता वन मोअर मिस्टेक, की कॅरॅव्हॅन भंगारात. फिनिश."

तर हे असं होतं. एक चूक, आणि बानूचं राज्य खालसा.

आता अबोला. भांडण झालं कोंबडीवरून. मळेवाल्यानं बानूला एक पिल्लू दिलेलं. थंडीभर दाणे खाऊन त्याची गलेलठ्ठ कोंबडी झाली. नाव सुलताना. निघायच्या दिवशी बानू तिला टोपलीत घालायला लागली.

"ही अबू हलीफ्याला येणार नाही," मी म्हटलं.

"येणार."

"फ्लॅटमध्ये कोंबडी? लोक काय म्हणतील?"

"तुमाला ठेवून घेतलं तेव्हा लोक काय म्हणाले? काय नाय म्हणाले."

झालं. अबोला लागला.

आमच्याकडे अबोल्याची एक रीत आहे. एकमेकांशी बोलायचं नाही, पण सांगायचं असेल ते तिसऱ्याला सांगायचं. पूर्वी घरात पोरं होती तेव्हा पोरांना सांगायचो. पोरं मोठी झाल्यावर भिंतीला सांगायला लागलो. त्या दिवशी तिसरं कोण? सुलताना.

"सुलताना, सांग गो त्यांना, चहा गार होतोय."

"सुलताना, सांग तिला, मी गार चहाच पितो." (मी गार चहा पीत नाही. पण प्यायलो.)

अशी सगळी बांधाबांध कोंबडीच्या मध्यस्थीनं पार पडली. बानू टोपली घेऊन मागे पलंगावर बसली आणि पडदा ओढून घेतला. आता माझा दूरचा चष्मा असतो तिच्या पर्समध्ये, कारण माझ्याकडे असला की मी त्याच्यावर बसतो. मागायचा म्हणजे बोलणं आलं. कोंबडीमार्फत मागावा तर माझीच इज्जत जाते. मी म्हटलं, राहू दे. चाळीस वर्षांचा ड्रायव्हर आहे, रस्ता मला ओळखतो.

हायवेला लागल्यावर एका पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावरच्या माणसाला वाटलं, एवढी मोठी गाडी, डिझेलच असणार. मी म्हटलं, पेट्रोल. तो म्हणाला, चाचा, डिझेल. आमचं हे चाललं असताना मागचं दार धाडकन वाजलं. मला वाटलं वारा, किंवा बानूचा राग. दोन्ही एकाच आवाजाचे आहेत. पेट्रोल भरलं आणि निघालो.

आता मी काय दगड नाही. दहा मिनिटांत मन पातळ व्हायला लागलं. मी पडद्याकडे तोंड करून म्हटलं, "सुलताना, तिला विचार, पाय दुखत असतील तर जरा आडवी हो म्हणावं."

मागून, "क्क्."

हे बानूचंच. चव्वेचाळीस वर्षं ऐकतोय मी ते "क्क्". जीभ टाळूला लावून काढते. अर्थ, "आता आली का अक्कल?"

मी पुढे म्हटलं, "आणि तिला सांग, परवाची बिर्याणी बरी झालेली. मीठ कमी होतं, पण बरी."

"क्क् क्क् क्क्."

मिठाचा विषय काढायला नको होता.

इतक्यात मागून एक पांढरी हाफ लॉरी, म्हणजे छोटा ट्रक, आली. वर तंबूंचे बांबू, कापडं, खुर्च्या. हॉर्न वाजवत बाजूला आली आणि तो ड्रायव्हर खिडकीतून हात काढून मला काहीतरी खुणा करायला लागला. कुवेतात जो तो शर्यतीला उभा. मी पण गाडी दामटली. माझी कॅरॅव्हॅन साठच्या वर गेली की आतली भांडी टाळ वाजवतात, पण मी म्हटलं, आज होऊन जाऊ दे. तो बाजूलाच. त्याच्या शेजारी एक बाई बसलेली, ओढणी वाऱ्यावर, आणि ती माझ्याकडे बघून मूठ हलवत होती. चेहरा काय दिसेना, चष्मा नव्हता. पण मूठ मोठी होती.

मी मागे ओरडलो, "बघितलंस सुलताना? बायामाणसं लॉरीत बसून हिंडतात आणि वर भल्या माणसाला मूठ दाखवतात! हिचा नवरा कसला बावळट असेल!"

मागून आवाज नाही. बानूला पटलेलं दिसलं.

लॉरी शेवटी कंटाळून पुढे निघून गेली. मी जिंकलो असं धरून चाललो.

अबू हलीफ्याच्या अलीकडे फहाहीलला पोचलो तोवर माझा राग पार विरघळलेला. मासळी बाजारासमोर गाडी लावली आणि बानूच्या आवडीचा पापलेट घेतला, हातभर लांब, डोळे चकचकीत. ठरवलं, आपणच आधी बोलू. दाढी राहू दे. मागचं दार उघडलं, पापलेट नवरदेवासारखा पुढे धरला आणि म्हटलं, "अगो बानू, बघ तुझ्यासाठी काय आणलंय!"

पलंगावर सुलताना. तिनं पापलेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "क्क्."

मी पलंगाखाली बघितलं. मोरीत बघितलं. (आमची मोरी एवढी की त्यात साबण आणि माणूस एका वेळी मावत नाही.) बानूचा फोन चार्जिंगला लावलेला, तिथंच. चपला नव्हत्या.

खरं सांगू? बाजाराच्या त्या गर्दीत पापलेट हातात धरून मी पायरीवर बसलो. माझ्या डोळ्यांसमोर सर्फराज नव्हता, भंगार नव्हतं. बानू दिसत होती, पंपाच्या उन्हात, पर्स पोटाशी धरून, आणि पर्समध्ये माझा चष्मा. तिला अरबी येत नाही. हिंदी येते पण रागावली की तीही जाते.

गाडी उलटी फिरवली. कशी चालवली ते विचारू नका. पंपावर तोच माणूस.

"इधर एक चाची थी?"

"थी ना चाचा. बहुत गाली दिया. फिर एक लॉरीवाला दौडके आया, बोला ये तो मेरे गाव का गाली है. उसको बिठाके आपके पीछे गया."

"कौनसा लॉरी?"

"सफेद. ऊपर बांबू."

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. हॉर्न वाजला. वाजू दिला.

तेवढ्यात फोन. सर्फराज.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. मला काय माहीत, बानू तोवर घरी पोचली होती. तो लॉरीवाला दत्तप्रसाद, मालवणकडचा सुतार, तंबू काढायच्या कामावर आलेला. त्यानं तिला थेट बिल्डिंगखाली सोडलं, "काकी, काकांका जास्त बोला नकात हां," असं सांगून. आणि बानूनं वर जाऊन सर्फराजला काय सांगितलं? की अब्बा फहाहीलला मासळी घ्यायला थांबलेत, मला गावचा एक पोरगा भेटला, त्यानं पुढं आणून सोडलं. राज्य वाचवायला बाईनं सरळ थाप मारली! आणि थाप इतकी बेताची, की कुणालाही पटावी.

मी फोन उचलला.

"अब्बा, मासळी झाली का घेऊन? बुशरा म्हणते, थोडी कोळंबी पण आणा."

याला मासळीचं कसं कळलं, हे विचारायला अक्कल लागते. मी घाईघाईनं म्हटलं, "आणतो. आणि तुझी अम्मी झोपलीय."

कुणी विचारलं होतं? कुणी नाही.

"कोण झोपलंय?"

"अम्मी. मागे. पलंगावर. पाय दुखतात तिचे."

"अच्छा. उठवा ना जरा. मला बोलायचंय."

"झोपलेल्या माणसाला उठवू नये."

"अब्बा. उठवा."

मी गाडीतून उतरलो, दार उघडलं, दार लावलं, म्हणजे आवाज खरा यावा. मग ओढणी घेतल्यासारखा टॉवेल डोक्यावर घेतला. (का घेतला? फोनवर टॉवेल दिसत नाही. पण घेतला.) आणि बारीक आवाज काढून म्हटलं, "काय रे सर्फराज, कसा हायस?"

"अम्मी! प्रवास कसा चाललाय?"

"एकदम आरामात. तुझे अब्बा कसली मस्त गाडी चालवतात! माझी किती काळजी घेतात!"

"खरंच?"

"हां तर. असा माणूस मिळायला नशीब लागतं. मीच जरा डोक्यानं तापट. कोंबडीवरून उगाच भांडले. चूक माझीच."

तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग माझी नात युसरा, नऊ वर्षांची, ओरडली, "दादी, हाऊ आर यू हिअर अँड ऑल्सो देअर?"

आणि मग खरा आवाज. तो मी हजारात ओळखतो.

"माझी चूक? मेल्या, माझी चूक?"

सांगायची गोष्ट म्हणजे, त्या शिवीनं मला जो आनंद झाला तसा निकाहच्या दिवशी झाला नव्हता. मी पंपावर उभ्या उभ्या रडलो. पंपवाल्यानं पाणी आणून दिलं. टॉवेल डोक्यावर होताच.

घरी पोचलो तेव्हा हॉलमध्ये कोर्ट भरलेलं. सोफ्यावर बानू, समोर सर्फराज. बुशरा तोंडाला ओढणी लावून हसत होती, म्हणून ती आत जात होती आणि परत येत होती.

"अब्बा, अम्मीला रस्त्यात विसरलात?"

"विसरलो नाही. तिनं सांगितलं नाही."

"सांगितलं नाय?" बानू उसळली. "उतरताना ढळढळीत सांगितलं, मी बाथरूमला जाऊन येते म्हणून!"

"कुणाला सांगितलंस?"

बानू हळूच म्हणाली, "सुलतानाला."

सर्फराजनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "तुम्ही दोघं... कोंबडीला..." पुढचं त्याला जमेना. तो इंजिनिअर आहे, पण हे त्यांना शिकवत नाहीत. त्यानं हात पुढे केला. "चावी."

मी चावी दिली. पण बानू उठली. मला वाटलं, आता माझं काय खरं नाही. ती सर्फराजसमोर उभी राहिली.

"चावी ठेव. पण भंगारात नाय द्यायची."

"अम्मी, त्यांनी तुला हायवेवर सोडलं!"

"मना सोडलं ना? तुला नाय ना? मग मी बघते त्यांचं. तिकडे मी त्यांच्याशी भांडू शकते. इथं भांडायचं तर युसराचा ऑनलाइन क्लास चालू असतो." मग आवाज उतरवून म्हणाली, "चार महिने माझं घर असतं रे ते."

सर्फराजनं चावी खिशात घातली आणि परत बाहेर काढली. बुशरा आतून म्हणाली, "अहो, असू दे ना." बुशरा त्याच्याहून चांगली म्हटलं ते उगाच नाही.

शेवटी असं ठरलं की पुढच्या थंडीला आम्ही जायचं, पण युसराकडे ती गोल चकती आहे ना, शाळेच्या दप्तराला लावतात, हरवलं तर फोनवर दिसतं, तसली एक बसवून घ्यायची. मी आनंदानं म्हटलं, "जरूर! बानूच्या पर्समध्ये टाका, म्हणजे ती परत हरवणार नाही."

युसरानं माझ्याकडे बघितलं, जसं मास्तर बघायचे.

"बट दादा, दादी वॉज ॲट होम. हरवले तर तुम्ही होता."

आता चकती माझ्या गळ्यात आहे. बानूनं काळ्या दोऱ्यात ओवून दिलीय. मी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर टपरीवर चहाला वळलो की तिचा फोन वाजतो. मासळी बाजारात परवा एक ओळखीचा भेटला, चकतीकडे बघून म्हणाला, "वा महबूबभाई, तावीज घेतलात. फरक पडला का काही?"

मी म्हटलं, "मला नाही. बायकोला पडला."