कप्तानाचा डोस

क्रेन चालवणाऱ्याला साईटवर सगळे कप्तान म्हणत, आणि या कप्तानाला अर्धशिशी होती. केबिनच्या काचेवर ऊन चढलं की डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू. त्यापायी महिन्याभरात दोनदा मोठं काम ऐनवेळी रद्द झालं, तेव्हा मुकादमाने सरळच सांगितलं, "अजून एकदा डोकं धरून बसलास तर केबिन विसर. खाली फाटकावर ट्रक मोजत बसायचं."

अठरा वर्षं वरून जग बघितलेल्या माणसाला खाली बसवायचं म्हणजे काय! कप्तान हादरला आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या. "ही जादू नाही हं. रोज एक, निदान तीन महिने, मग दुखणं कमी होतंय का बघू. आणि एक म्हणजे एकच. जास्त झाल्या तर पोट ऐकणार नाही." यातलं शेवटचं वाक्य त्याने घरी सांगितलंच नाही. बायको आधीच त्याच्या प्रत्येक शिंकेची चौकशी करायची, तिला आणखी एक विषय कशाला?

सर्वांत मोठा गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई, चढवायचा दिवस उजाडला. धास्तीने कप्तानाला बसवेना, उठवेना. त्याने एक गोळी घेतली. बूट घालताना शंका आली, घेतली की घ्यायची राहिली? म्हणून आणखी एक घेतली. बायकोने दुधाचा पेला पुढे केला, "तळाशी काही ठेवू नका." चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या वडिलांनी पाण्याची बाटली चक्क स्वतः भरून दिली. "वर गेलास की सगळी पी." वडिलांनी याआधी कधी कुणाला पाणी भरून दिलं नव्हतं, पण कप्तानाचं चित्त होतं कुठे?

अकरा वाजता गर्डर हवेत होता, बाटली रिकामी होती आणि पोटात काहीतरी गडगडलं.

हुकाला वजन असताना चालकाने जागा सोडायची नाही, हा नियम. खाली फिटर गर्डरचे बोल्ट आवळत नाहीत तोवर सुटका नाही. आणि फिटर होते मोठे निवांत गडी. एक बोल्ट, मग गप्पा, मग दुसरा बोल्ट.

"जरा लवकर आवरा!" कप्तान वॉकी-टॉकीत ओरडला.

"काय झालं?" मुकादमाचा आवाज. "आवाज असा का? डोकं दुखतंय?"

"नाही! डोकं एकदम झकास आहे."

"खोटं बोलू नकोस. घामाने डबडबलायस, इथून दुर्बिणीतून दिसतंय मला. बास झालं, गर्डर खाली घे. उद्यापासून फाटक."

कप्तानाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर वॉकी-टॉकी साऱ्या साईटवर ऐकू जायचा. न सांगावं तर केबिन गेली. शिवाय गर्डर खाली घ्यायलाही अर्धा तास लागणार, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे मुळीच नव्हता.

"साहेब," तो डोळे मिटून म्हणाला, "डोकं नाही. पोट. जोरात लागलीय."

साईटभर हशा उसळला. कुणीतरी टोपी हवेत उडवली.

पण फिटर हसले नाहीत. त्यांनी वर पाहिलं. केबिन बरोबर त्यांच्या डोक्यावर होती, आणि केबिनच्या तळाला जाळी होती. तास खाणारं काम त्यांनी अकरा मिनिटांत उरकलं. हूक सुटला. दोनशे पायऱ्यांची शिडी कप्तान कसा उतरला, हे त्याचं त्यालाही आठवत नाही. वेळेत पोचला, एवढंच.

संध्याकाळी तो गळाठून घरी आला.

"डोकं दुखलं का?" बायकोने दारातच विचारलं.

"नाही."

"बघा! दोन गोळ्या कुटून घातल्या होत्या दुधात. आजच्यापुरत्या."

"दोनच?" वडील म्हणाले. "मी बाटलीत तीन घातल्या. वजनाच्या मानाने."

कप्तानाने मनातल्या मनात बेरीज केली. सात. तो बोलायला तोंड उघडणार, तोच फोन वाजला. मुकादम. बायकोने उचलून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"वहिनी, केबिन कप्तानाचीच. फाटक कॅन्सल! एवढं झपाट्याने काम या साईटवर कधी झालं नव्हतं. मालक खूश आहेत. सोमवारी असे चार गर्डर आहेत." मुकादम पुढे म्हणाला, "तेवढं आज सकाळी त्यांना काय खायला घातलंत, ते सोमवारी पण घाला."

"अहो, घालते की!" बायको हरखून म्हणाली. "चार गर्डर म्हणजे... मामंजी, चौपट ना?"

वडील आधीच खलबत्ता शोधत होते.